शैक्षणिक कर्ज: व्याजाची सवलत कुठे मिळते, कुठे निसटते

प्रवेश मिळाला की घरात फीचा विषय निघतो आणि बहुतेकजण थेट बँक गाठतात. त्याआधी फी मुळातच कमी होते का, ते पाहावे. महाराष्ट्रात ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. प्रवेश मात्र कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, तर माफी मिळत नाही. वसतिगृह आणि मेसचा खर्च उरतोच.

आता कर्ज. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात तारण, म्हणजे घर-जमिनीसारखी मालमत्ता बँकेकडे गहाण ठेवावी लागत नाही आणि जामीनदारही लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकार बँकेला ७५ टक्के हमी देते.

अर्जाआधी आपले कॉलेज योजनेच्या यादीत आहे का, ते पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवर तपासावे. यादी राष्ट्रीय क्रमवारीवर ठरते आणि सुरुवातीला तिच्यात ८६० संस्था होत्या. तालुक्याच्या कॉलेजात शिकणारी गरीब मुले त्यामुळे बाहेर राहतात. माझ्या मते योजनेतली मोठी उणीव हीच.

सगळ्यात जास्त गैरसमज सवलतीच्या काळाबद्दल असतो. शिक्षण सुरू असेपर्यंत आणि पुढे साधारण वर्षभर हप्ता मागत नाहीत, त्याला मोरेटोरियम म्हणतात. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. समजा, चार वर्षे दरवर्षी सुरुवातीला दीड लाख उचलले आणि सोयीसाठी दर १० टक्के सरळव्याज धरला. पहिल्या वर्षी १५ हजार, मग ३०, ४५, ६० आणि शिक्षणानंतरच्या वर्षी पुन्हा ६० हजार. पहिला हप्ता भरण्याआधीच २ लाख १० हजार व्याज चढलेले असते.

सरकारी सवलत याच काळातल्या व्याजावर आहे. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सरकार भरते. वरच्या हिशेबात ते ६३ हजार होतात. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर ठरावीक मान्यताप्राप्त संस्थांतील तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी या काळाचे पूर्ण व्याज भरणारी जुनी योजनाही आहे.

पण कर्ज मंजूर झाले म्हणजे सवलत लागू झाली असे नाही. तिचा अर्ज पोर्टलवर वेगळा करावा लागतो आणि तोच अनेकांचा राहून जातो. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. पगाराची पावती त्याच्या जागी चालत नाही. दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याज सवलतीचा लाभ आपण घेत असाल, तर ही ३ टक्क्यांची सवलत मिळत नाही. तेव्हा शुल्कमाफी आणि व्याज सवलत यांतले अधिक फायद्याचे कोणते, हे आधी कागदावर मांडून पाहावे. बहुतेक वेळा शुल्कमाफीच वरचढ ठरते, कारण तिच्यामुळे मुद्दलच कमी होते.

घरची ओढाताण होणार नसेल, तर शिकत असतानाच व्याज भरत जावे. मोरेटोरियम संपत आला आणि नोकरी लागली नसेल, तर पहिला हप्ता थकण्याआधी शाखेत जाऊन मुदतवाढीचा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.