पहिले मूल निरोगी, मग दुसऱ्याची चिंता कशाला?

दुर्ग जिल्ह्यातील चरोदा म्हटले की रेल्वेचे यार्ड आणि शेजारचा भिलाई पोलाद कारखाना डोळ्यांपुढे येतो. नोकरीनिमित्त विदर्भातून आलेली अनेक मराठी कुटुंबे या परिसरात स्थिरावली. विदर्भ आणि छत्तीसगड या दोन्ही प्रदेशांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यामुळे सोयरीक जुळविताना येथे गणिताचाही थोडा विचार करावा लागतो.

एक कुटुंब कल्पू या. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः निरोगी; पण धाकट्या मुलीस सिकलसेलचा आजार आहे. थोरला मुलगा ठणठणीत आहे. तो वाहक असण्याची शक्यता किती? बहुतेक जण ‘निम्मी’ असे उत्तर देतात. वाहक दांपत्याच्या अपत्याबाबत चार समान शक्यता असतात : एक आजाराची, दोन वाहकाच्या, एक पूर्ण मुक्ततेची. मुलगा आजारी नाही हे ठाऊक असल्याने पहिली शक्यता बाद होते. उरलेल्या तिनांपैकी दोन वाहकाच्या, म्हणून उत्तर दोन-तृतीयांश.

या मुलाचा विवाह वाहक मुलीशी झाला आणि पहिले अपत्य आजारमुक्त निघाले, तर? घरातील वडीलधारी मंडळी निश्चिंत होतात. येथे थॉमस बेझ यांचे प्रमेय उपयोगी पडते. या इंग्रज धर्मोपदेशकाचा निबंध त्यांच्या निधनानंतर, १७६३ साली प्रसिद्ध झाला. नवी माहिती हाती येताच जुना अंदाज किती बदलावा, हे त्यातून कळते. सूत्राऐवजी माणसे मोजू. अशा १२ तरुणांत सरासरी ८ वाहक, ४ मुक्त. आठांपैकी दोघांचे पहिले मूल आजारी निघेल, सहांचे नाही. मुक्त चौघांपैकी कोणाचेच नाही. आजारमुक्त मूल असलेल्या दहा पित्यांत सहा वाहक, म्हणजे ६० टक्के. दुसऱ्या अपत्याचा धोका त्याच्या चतुर्थांश, १५ टक्के. पहिल्या वेळी तो सुमारे १७ टक्के होता. घट एवढीच!

ही आकडेमोड मुलाचे रक्त तपासेपर्यंतच. साध्या विद्राव्यता चाचणीत वाहक आणि रुग्ण यांतील भेद कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी तपासणी लागते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी हेच मुख्य काम ठरविण्यात आले. मुलगा वाहक नसल्याचे निष्पन्न झाले, तर त्या १५ टक्क्यांचे शून्य होते. वाहक निघाल्यास २५.