‘हिचं असंच असतं’

समजा, भिलाईतल्या एखाद्या सेक्टरमधलं क्वार्टर आहे. डाउन सिंड्रोम असलेली पस्तिशीची लेक रोज सकाळी ओट्यावर चहाचे चार कप मांडते. दादाचा निळा कप कडेला. पण हल्ली कप मांडायचे राहून जातात. दुपारी ती बसल्या जागी पेंगते, हाकेला ओ देत नाही, वजनही वाढलंय. घरचे म्हणतात, “हिचं असंच असतं.”

या वाक्यापाशीच तपासणी थांबते, आणि घात होतो.

सुस्ती आणि वाढतं वजन थायरॉईड मंदावल्यामुळे असू शकतं. डाउन सिंड्रोममध्ये हा त्रास फार आढळतो. रक्ताची साधी तपासणी आणि रोजची गोळी यांनी तो आटोक्यात येतो. पेंग येण्याचं कारण रात्री झोपेत अडणारा श्वासही असेल. हाक ऐकूच येत नसेल, किंवा लवकर आलेल्या मोतीबिंदूमुळे कप नीट दिसत नसतील. आणि दादा नोकरीसाठी पुण्याला गेला, हे तिला कुणी समजावून सांगितलंय का? ज्याला दुःख शब्दांत मांडता येत नाही, त्याचं ते वागण्यातून बाहेर पडतं.

जानेवारी १९५९मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी डाउन सिंड्रोमचं मूळ जाहीर केलं: २१व्या गुणसूत्राची एक जादा प्रत. तेव्हा अशी मुलं मोठी होतील, असं फारसं कुणी धरून चालत नसे. अमेरिकेत १९८३मध्येही त्यांचं सरासरी आयुर्मान २५ वर्षं होतं. आता ते साठीच्या आसपास आहे.

वाढलेल्या वयाबरोबर अल्झायमरही आला. त्याच्याशी निगडित असलेल्या अमायलॉइड प्रथिनाचा जनुक याच २१व्या गुणसूत्रावर असतो. म्हणून २०२०च्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचना चाळिशीपासून दरवर्षी स्मृतिभ्रंशाची तपासणी करायला सांगतात. चाळिशीआधी मात्र विसरण्याला तो शिक्का मारू नये. आधी बाकीची कारणं शोधावीत.

तब्येतीइतकाच प्रश्न दिवस कसा जातो, हाही आहे. भिलाईत अशा मुलांसाठी ‘मुस्कान’, ‘स्नेह संपदा’ या शाळा आहेत. शाळा संपल्यावरचे दिवस मात्र रिकामे पडतात. डोंबिवलीजवळ खोणी इथं पालकांनीच एकत्र येऊन प्रौढ मुलांसाठी ‘घरकुल’ उभं केलं; तिथं त्यांना सोबत आहे, दिनक्रम आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. अठराव्या वर्षानंतरच्या कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करायचा असतो. भिलाईकरांना त्यासाठी दुर्गला जावं लागतं. हातपाय चालताहेत तोवरच आईवडिलांनी ती खेप करून घ्यावी, आणि जाताना लेकीलाही सोबत न्यावं.