डिप्लोमा म्हणजे शेवट नव्हे



“पोरीचा डिप्लोमा झाला, आता पुरे,” असं आपण सहज म्हणतो. पण दहावीनंतर ३ वर्षांचा डिप्लोमा केलेल्या मुलीला इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. त्यासाठी सीईटी नाही. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या गुणांवर यादी लागते. म्हणून त्या वर्षी घरात लग्नाची बोलणी काढू नका, तिला अभ्यास करू द्या. माटुंग्याचं व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी, आपल्या जिल्ह्यातलं लोणेऱ्याचं विद्यापीठ, इथेही असा प्रवेश मिळतो.

अर्ज मात्र सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधूनच भरा. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना २०२४पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात, तर ही माफी नाही.

जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, जे लागू असेल ते निकालाआधीच काढून ठेवा. कागद अडला की हातातली जागा जाते.

रेवसहून भाऊच्या धक्क्याला लाँच सुटते. तिच्यात आपली पोरही बसू दे.