उघडं रान

फाल्गुनात ठाणे जिल्ह्यातल्या शेलारहून अंबाडीकडे निघालं, की यंत्रमागांचा खडखडाट आणि गोदामांच्या रांगा मागे पडतात आणि टेकड्यांवरचं रान दिसू लागतं. पावसाळ्यात जिथे दहा पावलांवरचं दिसत नव्हतं, तिथे आता झाडांच्या आरपार पलीकडचा डोंगर दिसतो. वाटतं, वाळलं सगळं. पण हे रान पाणी राखून बसलेलं असतं.

खाली पडलेलं सागाचं पान उचलून बघा. केवढं ते, पत्रावळीएवढं! एवढ्या पानातून दिवसभर पाणी उडत राहिलं, तर जूनपर्यंत झाड तगायचं कसं? म्हणून झाड पानातलं सत्त्व आधी खोडात ओढून घेतं, देठाच्या बुडाशी नाजूक पेशींचा एक थर तयार करतं, आणि वाऱ्याची झुळूक आली की पान नेमकं तिथेच सुटतं. फांदीवर उरतो तो व्रण आतून आधीच बुजलेला असतो. मला हे नियोजन दरवर्षी नव्याने थक्क करतं.

पण काही ठिकाणी भर पावसातही रान विरळच असतं. तिथलं ऐनाचं झाड बघा: मगरीच्या पाठीसारखी साल, सरळ सोट खोड आणि वर नुसता झुपका. ही कोयत्याची खूण. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, म्हणजे राब करायचा, तर शेणावर टहाळ पसरावा लागतो, आणि तो पिढ्यान्पिढ्या मुख्यतः ऐनावरून उतरवला जातो. ठाणे-कुलाब्यातल्या राबासाठीच्या या तोडीच्या वादावरून 1885 साली इंग्रज सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला होता.

फाल्गुनात पानं झडून उघड्या झालेल्या या रानात पांगारा पेटतो. आड यायला एक पान नाही, त्यामुळे लाल फुलं पाखरांना लांबून दिसतात.

पांगाऱ्याचा एक भाऊबंद पॅसिफिकच्या मधोमध आहे. हवाई बेटांच्या कोरड्या उतारांवरचा विलिविली. ही बेटं ज्वालामुखीतून समुद्रात वर आली, कुठल्याही खंडाला कधी जोडलेलीच नव्हती. म्हणजे त्याचा पूर्वज समुद्र ओलांडूनच आला. विलिविलीही कोरड्या दिवसांत पानं टाकतो. त्याचं हलकं लाकूड तिथले कोळी जाळ्यांच्या तरंड्यांना वापरत.

2005 मध्ये गांधीलमाशीच्या गोतातली, जेमतेम दीड मिलिमीटरची एक माशी हवाईत पोहोचली, आणि त्याच सुमारास भारतातही तिची नोंद झाली. कोवळ्या पानात अंडी घालायला तिला तिथे विलिविली चालला, इथे पांगारा. पावसाळ्यात पांगाऱ्याची ती त्रिदळी पानं जरा उलटून बघा. देठ सुजलेले आणि पान गाठींनी आकसलेलं दिसलं, तर ती तिथे येऊन गेलीय.