पुन्हा गुन्हा कोण करील?

‘हा पोरगा पुढे हमखास बिघडणार,’ असे भाकीत विज्ञानाला करता येईल काय? अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात वाढलेल्या, १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलांच्या नोंदी वुल्फगँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पोलिसांकडे ३,४७५ मुलांची नोंद होती. त्यांपैकी सुमारे ४६ टक्के मुले एकदाच चुकली होती. उलट, केवळ ६२७ मुलांच्या नावावर निम्म्याहून अधिक गुन्हे होते!

मग अशी मुले आधीच हुडकावीत काय? हिशेबापुरते समजा, अर्धापूर तालुक्यातील १,००० मुलांपैकी ५० जण पुढे वारंवार गुन्हे करणार आहेत आणि आपली चाचणी ८० टक्के अचूक आहे. ती ५० पैकी ४० जणांना ओळखील. पण उरलेल्या ९५० पैकी १९० जणांवरही चुकून ठपका ठेवील. म्हणजे ‘धोक्याची’ ठरलेल्या २३० मुलांपैकी १९० जणांवर अन्याय!

शिक्का बसलेला मुलगा शाळेपासून तुटला, तर वाईट संगतीत ओढला जाण्याचा धोका वाढतो. म्हणूनच २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात कलंक लावणारे शब्द टाळण्याचे आणि मुलाला नव्याने सुरुवात करू देण्याचे तत्त्व आहे. मदत कोठे लवकर पोहोचवावी, हे ठरवण्यास अंदाज उपयोगी पडतो. मुलाला आधीच दोषी ठरवण्यास नव्हे.