शेतकरी कंपनीचं नाव काय ठेवायचं? अर्ज भरण्याआधी ‘या’ गोष्टी बघा

गावात शेतकरी एकत्र येतात, उत्पादक कंपनी काढायचं ठरतं, कागदपत्रं गोळा होतात आणि गाडी अडते ती नावावर. कुणी म्हणतं ग्रामदैवताचं नाव द्या, कुणी म्हणतं पिकाचं, कुणाला नेत्याचं हवं असतं. शेवटी सीए विचारतो तेव्हा घाईत काहीतरी सांगितलं जातं. हेच नाव पुढे पॅन कार्ड, बँक खातं, जीएसटी, अन्न परवाना आणि मालाच्या पोत्यावर जातं. नंतर बदलायचं तर सभेत विशेष ठराव, कंपनी निबंधकांची मंजुरी आणि सगळी कागदपत्रं पुन्हा. म्हणून नावावर एक बैठक खर्च झाली तरी ती वाया जात नाही.

आधी काम, मग नाव

कंपनी पुढच्या दहा वर्षांत काय करणार, हे आधी बोलून घ्यावं. नावात ‘डाळिंब’ घातलं आणि तेल्या रोगाने बागा काढाव्या लागल्या तर? शेतकरी तूर-हरभऱ्याकडे वळतो, पाटीवर मात्र डाळिंबच राहतं.

नाव एकाच गावाचं असेल तर शेजारच्या गावाला ती कंपनी आपली वाटत नाही. ‘त्यांची कंपनी आहे, आपण कशाला शेअर घ्यायचे’ असं बोललं जातं. नाव एका माणसाचं किंवा गटाचं असेल तर दुसरा गट पहिल्या दिवसापासून बाहेर. उत्पादक कंपनीला किमान १० शेतकरी सभासद आणि ५ संचालक लागतात. पण ती चालते ती शेकडो सभासदांनी माल दिला तर. डोंगर, नदी, खोरं अशी सगळ्यांच्या ओळखीची नावं त्यामुळे सोयीची पडतात.

नियम काय आहेत?

• नावाच्या शेवटी ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ हे शब्द लागतातच.

• कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर ‘स्पाइस प्लस’ अर्जाच्या पहिल्या भागात एका वेळी दोन नावं देता येतात. शुल्क १,००० रुपये. नाव मंजूर झालं की २० दिवस राखून ठेवलं जातं. तेवढ्यात नोंदणीचा अर्ज करायचा, म्हणून बाकीची कागदपत्रं आधीच तयार हवीत.

• आधीच्या कंपनीसारखं नाव चालत नाही. स्पेलिंग बदललं, शब्द मागे-पुढे केले किंवा नुसतं गावाचं नाव जोडलं, तरी ते वेगळं धरलं जात नाही.

• छत्रपती शिवाजी महाराज किंवा महात्मा गांधी यांची नावं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरता येत नाहीत. त्यासाठी १९५० चा कायदा आहे. अनेकांना हे अर्ज परत आल्यावरच कळतं.

• ‘राष्ट्रीय’, ‘केंद्रीय’ असे सरकारी वाटणारे शब्दही परवानगीशिवाय मिळत नाहीत.

कागदावरचं नाव वेगळं, बाजारातलं वेगळं

कंपनीचं नोंदणीचं नाव लांबलचक असलं तरी बिघडत नाही. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ म्हटलं तर गिऱ्हाईक विचारात पडेल, ‘गोकुळ’ म्हटलं की पिशवी हातात येते. मुंबईत गिरगावात १९५९ मध्ये सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ‘लिज्जत’ हे नाव मात्र आलं १९६२ मध्ये. त्यासाठी स्पर्धा ठेवली होती आणि बक्षीस होतं ५ रुपये!

बाजारातल्या नावासाठी ट्रेडमार्क लागतो. ते नाव दुसऱ्याने घेतलंय का, हे ट्रेडमार्क कार्यालयाच्या वेबसाइटवर फुकट बघता येतं. हे न बघता हजारो पाकिटं छापली आणि पुढे नोटीस आली, तर नुकसान सभासदांचंच. ‘सांगली हळद’, ‘कोल्हापूर गूळ’ अशा भौगोलिक मानांकन मिळालेल्या नावांसाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते.

बैठकीत असं ठरवा

१. प्रत्येक गावाकडून दोन-दोन नावं मागवा. महिला सभासदांनाही विचारा.

२. चार-पाच नावं बाजूला काढून पोर्टलवर आणि ट्रेडमार्कच्या यादीत तपासा.

३. उरलेली नावं फोनवर एखाद्या व्यापाऱ्याला सांगून बघा. एकदा सांगून त्याला नीट लिहिता आलं नाही, तर ते नाव सोडा.

४. इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवून वहीत लिहा. एका अक्षराच्या फरकाने बँकेत काम अडतं.

५. पसंतीचा क्रम लावून ठराव लिहा, उपस्थितांच्या सह्या घ्या आणि मगच सीएकडे जा.

नावाने माल विकला जात नाही, त्याला प्रतवारी आणि वेळेवर पैसे लागतात. पण ज्या नावावर सगळ्यांनी सही केलीय, त्या कंपनीच्या काट्यावर माल घालायला शेतकरी कचरत नाही.