पनवेलच्या चिखलातले जिवाणू

पनवेलच्या खाडीकाठी ओहोटीला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. लोक नाक दाबून सांडपाण्याला बोल लावतात. सांडपाण्याचा वाटा असतोच, पण तिवरांखालच्या स्वच्छ चिखलालाही हा वास असतो. थोडं खाली गेलं की चिखलातला प्राणवायू संपतो. तिथले काही जिवाणू मग खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटवर श्वसन करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. चिखल काळा होतो तोही त्यामुळेच. सल्फाइड लोहाशी संयोग पावतं.

जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला याहून जवळचा समुद्र कुठे मिळणार? अडचण पुढे येते. मिलिलिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात. आगरच्या प्लेटवर त्यातला शंभरात एकही धड वाढत नाही. उरलेल्यांची ओळख पटते ती जनुकांवरून, विशेषतः सुमारे १५०० अक्षरांच्या ‘१६ एस’ या जनुकावरून. त्याच्याच आधारे १९९० मध्ये सार्गासो समुद्रात ‘सार ११’ हा गट सापडला. समुद्राच्या वरच्या थरात साधारण चारातली एक पेशी याच गटातली, आणि तोवर कुणाला पत्ता नव्हता! तो प्रयोगशाळेत वाढायला २००२ उजाडलं. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये स्टीफन जिओव्हानोनी यांच्या चमूने पौष्टिक आगर बाजूला सारून निर्जंतुक केलेलं समुद्राचंच पाणी वापरलं. उपासाला सरावलेल्याला आपण इतकी वर्षं पंगतीला बसवत होतो.

मधली ही बारा वर्षं विसरू नयेत. संगणक आला, आता प्लेट कशाला, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. जैवमाहितीशास्त्र नाव सांगतं, स्वभावाचा अंदाज देतं. खात्री जिवाणू वाढवूनच होते. उदाहरणार्थ, ऑगस्ट २०१० मध्ये ‘एमएससी चित्रा’ जहाजातलं तेल रायगडच्या कांदळवनांत शिरलं. अशा चिखलात तेल पचवणारं ‘अल्क-बी’ जनुक सापडलं, तरी तिथला जिवाणू खरंच तेल संपवतोय का, हे वेगळं तपासावं लागतं.

बीएस्सीनंतर गॅट-बी परीक्षेतून गोवा विद्यापीठात सागरी जैवतंत्रज्ञानाला जाता येतं. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही तिथेच, दोना पावलाला. गोव्याचा महामार्ग तर पनवेलहूनच सुटतो! तोवर घरच्या लॅपटॉपवर जीनबँक या खुल्या संग्रहातले जनुकांचे क्रम फुकट उतरवून ते जुळवणारं ‘ब्लास्ट’ चालवावं, थोडं लिनक्स, थोडं पायथन शिकावं.

पण क्रम ज्या नमुन्यातून मिळाला तो कुठला, कधीचा, हेच नोंदवलं नसेल तर त्या क्रमाचा उपयोग फारसा नाही. खाडीत भरती-ओहोटीगणिक क्षारता बदलते आणि तिच्याबरोबर जिवाणूही. बाटलीच्या चिठ्ठीवर तारीख, जागा, क्षारता आणि भरती की ओहोटी, हे काठावरच लिहावं. आणि तेही पेन्सिलीने, शाई पाण्यात पसरते.